नांगर टाकण्याआधी पाण्याचा रंग बघा

स्पेनच्या बालेआरिक बेटांपैकी मायोर्का, इबिझाच्या किनाऱ्याने छोट्या शिडाच्या बोटीतून फिरत असाल, तर नांगर फक्त वाळूतच टाका. उथळ पाण्यात फिकट निळसर-हिरवा पट्टा दिसला की ती वाळू. गडद, काळपट डाग म्हणजे बहुधा समुद्रतळावरचं पोसिडोनियाचं कुरण. हे शेवाळ नव्हे, मुळं-पानं-फुलं असलेली वनस्पती आहे आणि तिची वाढ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. बालेआरिक बेटांवर 2018 पासून तिच्यावर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तिथे नांगर धड रुततच नाही, पानांवरून घसरत राहतो.

ऊन डोक्यावर असताना, पोलरॉइड चष्मा लावून पोहोचा. संध्याकाळी सगळंच पाणी काळं दिसतं.

साखळीचा हिशेब बोटीच्या पुढच्या टोकापासून धरा. पाणी 5 मीटर, टोक पाण्यावर 1 मीटर, म्हणजे 6. त्याच्या निदान पाचपट, 30 मीटर साखळी सोडा. (भरती-ओहोटी इथे फारच कमी. कोकणात बोट हाकलेल्या माणसाला आधी हे पटतच नाही!) मग इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये घेऊन साखळीवर हात ठेवा. थरथर जाणवली तर नांगर फरफटतोय. उचला, पुन्हा टाका. शेवटी पोहण्याचा गॉगल लावून पाण्यात उतरा आणि रुतलाय का ते डोळ्यांनी बघा. दुपारचा समुद्री वारा रात्री पडतो, बोट फिरते, म्हणून साखळी फिरेल त्या वर्तुळातही कुरण नको.