सीटी कोरोनरी अँजिओग्राफीची तयारी कशी करावी

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये अडथळा आहे का, हे शरीरात लांब नळी न सरकवता पाहायचे असेल तर सीटी कोरोनरी अँजिओग्राफी केली जाते. ज्या रुग्णाच्या छातीतील दुखण्यामागे हृदयविकार असण्याची शक्यता कमी किंवा मध्यम आहे, त्याला तिचा सर्वाधिक उपयोग होतो. कारण धमन्या स्वच्छ दिसल्या तर मोठा अडथळा नसल्याचे बऱ्याच खात्रीने सांगता येते. मात्र छातीत आत्ता दुखत असेल, घाम फुटत असेल किंवा धाप लागत असेल, तर तपासणीची वेळ ठरवण्यात न गुंतता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

या तपासणीचे यश बहुतांशी नाडीच्या गतीवर ठरते. धमन्या जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या आणि हृदय सतत हलणारे, त्यामुळे ठोके मिनिटाला ६०च्या आसपास असले की प्रतिमा सहसा स्पष्ट येते. म्हणूनच आधीचे बारा तास चहा, कॉफी आणि धूम्रपान टाळण्यास सांगतात, आणि गरजेनुसार मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी देतात. दमा असल्यास ही गोळी त्रासदायक ठरू शकते, तेव्हा दम्याची माहिती विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून द्यावी. धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल किंवा तत्सम गोळी अलीकडे घेतली असेल तर त्याने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. संकोचामुळे नेमकी हीच गोष्ट अनेकदा सांगायची राहते.

शिरेतून आयोडीनयुक्त डाय दिला जात असल्याने क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अलीकडचा अहवाल जवळ ठेवावा आणि डायची पूर्वी ॲलर्जी आली असल्यास किंवा गर्भधारणेची शक्यता असल्यास आधीच कळवावे. मूत्रपिंडाचे कार्य बरेच कमी असेल तर मधुमेहावरचे मेटफॉर्मिन तपासणीनंतर ४८ तास थांबवले जाते, पण हा निर्णय डॉक्टरांचा. नेहमीची कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. डाय आत जाताना अंगभर ऊब पसरते, क्वचित लघवी झाल्यासारखेही वाटते. त्याने दचकून हालचाल केली किंवा सांगितल्यावर सुमारे दहा सेकंद श्वास रोखला नाही, तर चित्र बिघडते. श्वास रोखण्याचा सराव आधी करून घ्यावा.

अहवालात बहुधा कॅल्शियम स्कोअरही, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा, असतो. तो शून्य असणे चांगलेच, तरी कॅल्शियम न साचलेला मऊ थर त्यात धरला जात नाही. उलट तो ४००च्या वर असेल तर साचलेल्या कॅल्शियममुळे अडथळा आहे त्याहून मोठा भासू शकतो. धमनी मध्यम प्रमाणात अरुंद दिसल्यास तिच्यामुळे स्नायूला रक्त कमी पडते का, हे केवळ आकारावरून कळत नाही. त्यासाठी स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेली सोनोग्राफी) किंवा परफ्युजन स्कॅन (स्नायूला होणारा रक्तपुरवठा दाखवणारी तपासणी) लागेल का, असे डॉक्टरांना विचारावे आणि ‘ब्लॉकेज’च्या टक्केवारीवरून लगेच स्टेंटचा निष्कर्ष काढू नये.