गाडी गिअरची घ्यायची का ऑटोमॅटिक? आधी चढावर नेऊन बघा

दसरा नायतर पाडवा जवळ आला की ओळखीतलं कोण ना कोण विचारतंच, भावा गाडी घ्यायलोय, गिअरची घेऊ का ऑटोमॅटिक. मी पहिला उलट विचारतो की गाडी चालवणार कोण आणि रोज कुठं जाणार. बऱ्याच घरात पैसे भरणारा एक असतो, चालवणारं दुसरंच असतं, आणि निवड मात्र पैसे भरणाऱ्याच्या आवडीनं होते.

आमच्या घरात हेच झालेलं. वहिनीनं क्लास लावून लायसन काढलं आणि पुढं सहा वर्षं गाडीला हात लावला नाही, कारण शिकत असताना एकदा आमच्या कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या चढावर गाडी बंद पडून मागं सरकायला लागली आणि पाठीमागं एसटी उभी होती. ती भीती काय गेली नाही. दादाला गिअरच्या गाडीचा लई नाद, पण आईचं गुडघ्याचं दुखणं वाढल्यावर दर आठवड्याला दवाखान्याला न्यायला घरात कोणतरी पायजे झालं आणि दादा दिवसभर शिरोली एमआयडीसीत, मग ऑटोमॅटिक आली. आता आईला वहिनीच घेऊन जाते, राजारामपुरीतनं दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीतनं एकटी. म्हणून म्हणतो, जी व्यक्ती सगळ्यात जास्त चालवणार तिला शोरूमला सोबत न्या आणि तिचंच मत शेवटचं धरा.

आता मेन गोष्ट. ऑटोमॅटिक म्हणजे एकच मशीन नाही, शोरूममध्ये सगळ्याला ऑटोमॅटिकच म्हणतात पण आतनं चार वेगळे प्रकार असतात आणि सगळा फरक तिथंच आहे. स्वस्तातली असते ती एएमटी, म्हणजे गिअरबॉक्स आपला नेहमीचाच, क्लच प्लेटही तीच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर करते. आपल्याकडं 2014 ला सेलेरिओमधनं हे आलं आणि मग छोट्या गाड्यांत सगळीकडं पसरलं. मारुती यालाच एजीएस म्हणते. दुसरा टॉर्क कन्व्हर्टर, यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ऑइलमधनं ताकद जाते, त्यामुळं ट्रॅफिकला आणि चढाला लई निवांत. तिसरा सीव्हीटी, यात ठरलेले गिअरच नसतात, पट्टा आणि पुली असते, एकदम स्मूथ चालते पण जोरात दाबली की इंजिनचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागनं येतो. चौथा डीसीटी, दोन क्लचवाला, गिअर पटापट बदलतो, हायवेला मजा येते, पण त्यातला ड्राय क्लचचा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेल्या क्लचचा प्रकार इंच इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तापतो. सेल्समनला सरळ विचारा की या व्हेरिएंटमध्ये यातला कुठला आहे, आणि तो नुसतं स्मूथ आहे सर म्हणाला तर ब्रोशरमध्ये दाखवायला लावा.

आयएमटी असं लिहिलेलं दिसलं तर त्यात क्लच पॅडल नसतं पण गिअर हातानंच टाकायचे असतात, ते ऑटोमॅटिक समजून घेऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि लोक तिथंच घाई करतात. शोरूमवाले आपल्याला हायवेच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आणतात, तिथं कुठलीबी गाडी छानच वाटणार. तुम्ही घरातली चार माणसं बसवा, एसी लावा आणि वाघबीळवरनं पन्हाळ्याच्या चढाला गाडी घ्यायला सांगा. एवढं लांब सोडत नसतील तर एखाद्या अपार्टमेंटच्या बेसमेंट पार्किंगचा रॅम्प चालतो, नायतर तेच मॉडेल असलेल्या मित्राला घेऊन रविवारी सकाळी जावा. मागं कोण नाही बघून चढाच्या मध्यावर थांबा, ब्रेकवरचा पाय काढा आणि ॲक्सिलरेटरवर ठेवा, एवढ्या वेळात गाडी किती मागं येते ते बघायचं. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावरबी ते गाडी दोनेक सेकंद चढावर धरून ठेवतं. एएमटीला हिल होल्ड नसेल तर गाडी मागं येणार, तिथं हँडब्रेक लावूनच उठवावी लागते, आणि ज्याला चढाची भीती वाटते म्हणून ऑटोमॅटिक घेताय त्याला हेच नको असतं. म्हणून एएमटी घेताना हिल होल्डवालाच व्हेरिएंट घ्या, सनरूफ नसलं तरी चालतं.

दुसरी टेस्ट ओव्हरटेकची. आपल्याकडं कारखाने सुरू झाले की राधानगरी रोडला काय, कागल साइडला काय, उसाच्या दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढं असतातच. एएमटीमध्ये जोरात दाबलं की खालचा गिअर टाकायला ती एक क्षण थांबते, डोकं पुढं हलल्यासारखं होतं, आणि तेवढ्यात समोरनं गाडी आली तर अवघड. त्यावर उपाय आहे, ओव्हरटेकच्या आधीच एम मोडमध्ये, म्हणजे गिअर आपण हातानं बदलायच्या मोडमध्ये घेऊन एक गिअर खाली टाकायचा आणि मगच बाहेर निघायचं. याची सवय होते, पण टेस्ट ड्राइव्हलाच करून बघा की तुम्हाला ते जमतंय का. रोज सिंगल रोडला पळणारा माणूस असेल आणि बजेट वाढत नसेल तर मी त्याला गिअरचीच घे म्हणतो.

पैशाचं बोलायचं तर मॅन्युअलपेक्षा एएमटी साधारण पन्नास हजाराच्या आसपास महाग पडते, बाकीचे तीन प्रकार लाख सव्वा लाख किंवा त्याच्यावर. आरटीओचा टॅक्स किमतीच्या टक्क्यात असतो, त्यामुळं ऑन रोडला हा फरक आणखी थोडा वाढतो, म्हणून कोटेशन दोन्हीचं ऑन रोडच मागा. मायलेजची काळजी एएमटीत करू नका, वॅगनआर एक लिटरचं कंपनीचं मायलेज मॅन्युअलला 24.35 आणि एजीएसला 25.19 सांगतात. सीएनजी पायजेच असेल तर मात्र चॉइस कमी, 2024 ला टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजी एएमटी आली पण बहुतेक सीएनजी गाड्या अजून मॅन्युअलच आहेत. रिपेअरीचंबी बघा, क्लच प्लेट उद्यमनगरात कुठंबी बदलून मिळते, पण ऑटोमॅटिकचं दुखणं स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, म्हणून वाढीव वॉरंटी घेताना त्यात गिअरबॉक्स धरलाय का ते वाचून घ्या. गाव आत असेल आणि कंपनीचं वर्कशॉप साठ सत्तर किलोमीटर लांब असेल तर हा मुद्दा मोठा आहे. बॅटरी उतरली की ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही हेबी लक्षात ठेवा, डिकीत जंपर केबल पायजेच.

घाट उतरताना लोक डी मध्ये, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्ह मोडमध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर येतात, हे लई डेंजर आहे. करूळ घाट असो नायतर आंबा, उतरताना एम मोडमध्ये दुसरा तिसरा गिअर धरा, सीव्हीटीत लिव्हरवर एल (लो) किंवा एस (स्पोर्ट) असतं ते वापरा, म्हणजे इंजिनच गाडी धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं हे डोक्यातनं काढा, आताच्या इंजिनमध्ये गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला जळतं.

महाद्वार रोडच्या गर्दीत एएमटी आणि ड्राय डीसीटी इंच इंच सरकवू नका, पुढं गाडीभर जागा होऊ द्या मग घ्या. चढावर ॲक्सिलरेटर धरून गाडी उभी ठेवायची नाही, त्यानं क्लच जळतो. पार्क करताना आधी हँडब्रेक, मग लिव्हर पी म्हणजे पार्कवर. बऱ्याच एएमटीत पी नसतोच, तिथं हँडब्रेक ओढून गिअरमध्येच बंद करायची.

गाडी घरी आल्यावर पहिले चार दिवस भवानी मंडपाकडं नेऊ नका. सकाळी सकाळी शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्याला जावा, डावा पाय मागं सीटखाली घ्या आणि तो तिथंच ठेवा, कारण गिअरच्या सवयीनं तो क्लच समजून ब्रेकवर जातो आणि गाडी जागेवर थांबते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायानं. दादाला याला आठवडा लागला, वहिनी दुसऱ्या दिवशीच शाहूपुरीपर्यंत जाऊन आली.