विसाव्या पानावरचे जास्तीचे अक्षर

प्रकाशनवर्ष, प्रकाशकाचे नाव आणि पृष्ठसंख्या तपासावी, हे दुर्मिळ विज्ञानग्रंथांची पहिली आवृत्ती ओळखायला शिकणाऱ्यांना सांगावे लागत नाही. हे सगळे जुळल्यानंतर जी फसगत होते तिच्याविषयी मला लिहायचे आहे, कारण तिच्यामुळे हे काम कायमचे सोडण्याचा विचार मी केला होता.

ठाण्यात नौपाड्यातील एका निवृत्त प्राध्यापकांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने मला त्यांचा संग्रह पाहायला बोलावले. कपाटात चामडी बांधणीतील डार्विनचा ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ होता. शीर्षकपृष्ठावर लंडन, जॉन मरे, १८५९. शेवटचे पान ५०२. आणि विसाव्या पानावर, अकराव्या ओळीत, ‘स्पीशीज’च्या स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ जास्तीचा पडलेला. पहिली आवृत्ती २४ नोव्हेंबर १८५९ रोजी निघाली, तिच्या १२५० प्रती छापल्या गेल्या आणि जानेवारी १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली, एवढे मला पाठ होते. मूळ बांधणी हिरव्या कापडाची असते हेही ठाऊक होते. पण पुस्तके पुन्हा बांधली जातातच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि काकूंना तिथल्या तिथे सांगून टाकले की हा पहिल्या आवृत्तीचा ग्रंथ आहे.

ती प्रत मी ओळखीच्या एका वृद्ध जुळाऱ्यांना, म्हणजे छापखान्यात खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवणाऱ्यांना, दाखवली. त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि डार्विनशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांनी खोलीतला दिवा मालवला, विजेरी पानाला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि विचारले, “खिळ्यांचा दाब कुठे आहे?” पान सपाट होते. खिळे कागदात रुततात, त्यामुळे पानाच्या मागच्या बाजूला बारीक उठाव येतो आणि भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाई दाटलेली दिसते. इथे शाई सर्वत्र सारखी होती, म्हणजे हे पान खिळ्यांवर छापलेलेच नव्हते. १९६४ मध्ये अमेरिकेत पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती निघाली होती. त्यातलीच ही प्रत होती. तिची नवी प्रस्तावना कोणीतरी काढून टाकली होती आणि तिला चामड्यात बांधले होते. प्रतिकृती म्हटल्यावर मुद्रणदोषही जसाच्या तसा येणार. त्या ‘ई’मुळे दुसरी आवृत्ती बाद होते, प्रतिकृती बाद होत नाही. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काकूंना पुन्हा भेटून हे सांगणे फार जड गेले. त्यांनी ग्रंथ विकून येणाऱ्या पैशांचा हिशोब मनाशी मांडायला सुरुवातही केली होती.

म्हणून स्पष्टच सांगतो: मोबाइलवरच्या छायाचित्रावरून आवृत्ती ठरवू नका आणि ठरवून देणाऱ्याला गुरू मानू नका. लिलावाच्या याद्या पाठ असणाऱ्यांपेक्षा छापखान्यात आयुष्य घालवलेली माणसे अधिक शिकवतात, असे माझे ठाम मत आहे.

तरीही फसलात तर खचू नका. गॅलिलिओच्या १६१० मधील ‘सिडेरिउस नुन्सिउस’ या ग्रंथाची एक प्रत २००५ मध्ये न्यू यॉर्कच्या विक्रेत्यांकडे आली. तिच्यात चंद्राची जलरंगातील चित्रे होती. नामांकित अभ्यासकांनी ती तपासून अस्सल ठरवली आणि २०१२ मध्ये निक वाइल्डिंग या इतिहासकाराने ती बनावट असल्याचे दाखवून दिले. ती छायाचित्रांवरून केलेल्या उठावदार ठशांनी छापलेली होती, म्हणजे नुसता दाब दिसला तरी निकाल लागत नाही. कागद, शिवण, फर्म्यांचा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांचा) क्रम, ग्रंथालयांचे शिक्के आणि खात्रीच्या दुसऱ्या प्रतीशी ओळीला ओळ लावून केलेली तुलना, हे सगळे एकमेकांशी जुळावे लागते.

सरावाला डार्विनची गरज नाही. घरातले किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातले खिळ्यांवर छापलेले जुने पुस्तक घ्या, शेजारी आजचे ऑफसेटचे, म्हणजे खिळ्यांशिवाय सपाट छापलेले, ठेवा, दिवा मालवा आणि दोन्ही पानांवर विजेरी आडवी धरा. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ग्रंथालयात मात्र आधी परवानगी घ्या आणि हात कोरडे ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत जुना कागद आधीच हळवा झालेला असतो.