डॉमिनेट्रिक्सकडे पहिल्यांदा जाताना

पाटी वाचून मगच बेल दाबायची, हे पुणेकराला शिकवावं लागत नाही. इथेही तेच. डॉमिनेट्रिक्स म्हणजे समोरच्याच्या संमतीने त्याच्यावर हुकूम चालवणारी, त्याला बांधणारी, फटके देणारी बाई. वेळ, मानधन, काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही, हे व्यावसायिक डॉमिनेट्रिक्सने बहुतेक वेळा आधीच लिहून ठेवलेलं असतं. शरीरसंबंध सहसा त्यात नसतोच; तो विषय ‘बघू तरी’ म्हणून काढलात की बोलणं तिथेच संपतं.

पहिला मेसेज साधा लिहा. ‘मी आपला गुलाम’ वगैरे नंतर. आत्ता एवढंच: ‘नमस्कार मॅडम. वय ३४, पहिलीच वेळ. बांधून घेणं आणि हुकूम पाळणं आवडेल. वळ नकोत, घरी दिसतील. फोटो नकोत. शनिवारी दुपारी जमेल का?’

थोडा ॲडव्हान्स मागणं रीतीला धरून आहे. पण ॲडव्हान्सनंतर ‘रजिस्ट्रेशन’, मग ‘डिपॉझिट’ असे यूपीआयवर हप्ते सुरू झाले तर समजून जा. कपडे काढून व्हिडिओ कॉलवर यायला सांगितलं तर फोन ठेवा. रेकॉर्डिंग करून धमकावलंच तर पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. लाज वाटेल, पण धमकावणारा त्या लाजेवरच जगतो.

खरं काम सेशनआधीच्या बोलण्यात होतं. दमा, बीपी, मधुमेह, जुनं पाठीचं दुखणं, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं सांगा. त्या गोळीने साध्या फटक्याचाही मोठा काळानिळा डाग उठतो. हे विचारतच नाही तिच्याकडे मी तरी जाणार नाही. मग थांबायचा शब्द ठरवा. ‘नको, नको’ हा खेळाचाच भाग असू शकतो, म्हणून सिग्नलचे रंग सोपे: पिवळा म्हणजे हळू, लाल म्हणजे बंद. तोंड बांधणार असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा धरा. तो खाली पडला की सगळं थांबलं.

दोरीचं विशेष जपा. दंडाच्या बाहेरच्या बाजूने मनगट उचलणारी नस जाते. मुंग्या आल्या किंवा मनगट वर उचलेना, तर ‘बघू अजून दोन मिनिटं’ म्हणू नका, लगेच सांगा. खोलीत बोथट टोकाची कात्री हवीच. गळा दाबण्याचे प्रकार कुणाहीकडे नकोत.

कायदाही माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार १८ वर्षांवरील माणसाची संमती ग्राह्य धरली जाते, पण गंभीर दुखापतीचा संभव असेल तिथे ती चालत नाही.

दारू पिऊन जाऊ नका, उपाशीही नको. सेशन संपल्यावर पाणी प्या, थोडं बसा. गाडीला लगेच किक मारू नका. त्यानंतर एक-दोन दिवसांनी काहींना उगाच उदास वाटतं, रडू येतं. तेव्हा मेसेज केला तर चालेल का, हे निघतानाच विचारून ठेवा.