सी मध्ये पहिला प्रोग्राम: लिहायचा, कंपाइल करायचा, चालवायचा

पायथॉनवरून सी कडे येणारे बरेच जण पहिल्याच दिवशी एका गोष्टीत अडकतात, फाइल सेव्ह केली म्हणजे प्रोग्राम तयार झाला असं त्यांना वाटतं. तसं नसतं. आपण लिहितो तो नुसता मजकूर, कंपायलर त्यातून प्रोसेसरला कळेल अशी दुसरी फाइल बनवतो आणि चालते ती ही दुसरी. एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

आधी कंपायलर आहे का बघा. आपण जीसीसी नावाचा कंपायलर वापरू. टर्मिनल उघडून जीसीसी, स्पेस, दोन डॅश आणि त्यांना चिकटून व्हर्जन असं टाइप करा (इथे मी उच्चार देतोय, टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांतच करायचं, कारण सी मध्ये आणि लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात). नंबर आला तर झालं. नाहीतर उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल पॅकेज टाका, मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन टूल्स, विंडोजवर मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचं जीसीसी) किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय).

आता साधा टेक्स्ट एडिटर घ्या, वर्ड नको, ते सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करून टाकतं आणि कंपायलर ती घेत नाही. पहिल्या ओळीत हॅश, लगेच इन्क्लूड, मग कोनी कंसात एस-टी-डी-आय-ओ टिंब एच. हे 'स्टँडर्ड इनपुट आउटपुट'चं छोटं रूप आहे, घाईत हात 'स्टुडिओ' लिहून जातो आणि मग अशी फाइलच नाही म्हणून एरर येते. दुसऱ्या ओळीत इंट मेन आणि साध्या कंसात व्हॉइड, प्रोग्राम इथूनच सुरू होतो. तिसऱ्या ओळीत उघडा महिरपी कंस. चौथीत प्रिंटएफ, कंसात दुहेरी अवतरणात तुमचा मजकूर, त्याच्या शेवटी अवतरणाच्या आतच उलटी तिरकी रेघ आणि एन (म्हणजे नवी ओळ), कंस बंद, सेमीकोलन. पाचवीत रिटर्न शून्य आणि सेमीकोलन, म्हणजे सगळं नीट झालं असं ऑपरेटिंग सिस्टिमला कळवणं. सहावीत महिरपी कंस बंद. फाइलला पहिला टिंब सी असं नाव द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून जीसीसी, डॅश डब्ल्यू-ऑल (सगळं चिकटून, यातला डब्ल्यू तेवढा कॅपिटल), फाइलचं नाव, डॅश ओ, आणि शेवटी पहिला. डॅश ओ दिलं नाही तर लिनक्सवर फाइलचं नाव ए टिंब आउट होतं. डब्ल्यू-ऑल सुरुवातीपासून लावाच, शंकास्पद कोडबद्दलच्या बऱ्याचशा वॉर्निंग त्यानेच दिसतात.

काहीच न बोलता टर्मिनल परत आलं तर घाबरू नका, ती चांगलीच खूण आहे. चालवायला टिंब, तिरकी रेघ आणि पहिला. हे टिंब-रेघ का, तर लिनक्स-मॅकचं शेल (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड घेणारा प्रोग्राम) नुसतं नाव दिलं की ते ठरलेल्या फोल्डरांतच शोधतं आणि आपलं चालू फोल्डर सहसा त्या यादीत नसतं.

एरर आलीच तर सगळ्यात वरची आधी वाचा, खालच्या बऱ्याच तिच्यामुळेच आलेल्या असतात. चौथ्या ओळीतला सेमीकोलन मुद्दाम काढून बघा, जीसीसी म्हणतो रिटर्नच्या आधी सेमीकोलन हवा होता, म्हणजे चूक चौथ्या ओळीत पण नाव पाचव्या ओळीतल्या शब्दाचं, आणि जुन्या जीसीसीत तर ओळ क्रमांकही पाचवाच येतो. म्हणून दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर तिच्या वरची ओळ बघायची.

आता प्रिंटएफ मधला मजकूर बदला, सेव्ह करा आणि कंपाइल न करता चालवा. जुनाच मजकूर दिसेल, कारण ती दुसरी फाइल अजून जुनीच आहे. परत जीसीसी चालवा, मग नवा येईल.