विकतच्या ग्रिल चिकनचं घरगुती नूडल सूप

आखाड लागला की आमच्या सांगलीत रविवारी संध्याकाळी ग्रिल चिकनच्या दुकानांपुढं पार्सलची रांग लागते. बाहेर पाऊस, श्रावण तोंडावर आलेला, त्यामुळं एकाऐवजी दोन कोंबड्या घरात येतात आणि जेवणं झाली तरी अर्धी उरतेच. सोमवारी आमच्याकडं वशाट चालत नाही. मंगळवारपर्यंत ते चिकन फ्रीजमध्ये वाळून कडक झालेलं असतं, आणि हाडं तर रविवारी रात्रीच कचऱ्यात गेलेली असतात. या हाडांसाठी माझा जीव फार हळहळतो, कारण नूडल सुपाची सगळी चव त्यांतच असते. चिकन भाजायचं कष्टाचं काम दुकानदारानं केलेलं आहे. आपण फक्त हाडांचं पाणी नीट काढायचं.

आपल्याला हे काही नवीन नाही. मटणाला मसाला लावण्याआधी हळद, आलं-लसूण घालून शिजवलेलं पाणी वाटीत काढतात, ते अळणी. तांबडा-पांढरा व्हायच्या आधी लहान पोराला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्या माणसाला पहिली वाटी त्याची. परदेशात सर्दी झाली की जे चिकन नूडल सूप देतात, ते माझ्या लेखी शेवया घातलेलं अळणीच. एकदा हे डोक्यात बसलं की पुस्तकातल्या न मिळणाऱ्या भाज्यांसाठी अडून राहावं लागत नाही.

चार जणांसाठी एक अख्खं ग्रिल चिकन घ्या. शिवाय 3 मध्यम कांदे, 3 गाजरं, 8 ते 10 लसणीच्या पाकळ्या, इंचभर आलं, कोथिंबिरीची छोटी जुडी देठांसकट, 1 तमालपत्र, 10-12 मिरे, पाव चमचा हळद, चिमूटभर ओवा, 1 मोठा चमचा बटर किंवा तूप, 150 ग्रॅम नूडल्स, अर्धं लिंबू आणि मीठ. पाणी 2 लिटर.

चिकन कुठलं घ्यायचं, इथंच अर्धं सूप ठरतं. सळईवर फिरवून भाजलेलं, कातडीसकटचं, कमी मसाल्याचं ग्रिल चिकन सगळ्यात चांगलं. दुकानदाराला आधीच सांगायचं, "वरून मसाला, मेयोनीज, चटणी काही लावू नका, आणि तुकडे मोठेच ठेवा." बारीक तुकडे केले की हाडांच्या चिपा होतात आणि त्या सुपात उतरतात. तंदुरी चिकनचंही सूप होतं, पण त्याचा तांबडा दह्याचा मसाला सुरीच्या पाठीनं खरवडून काढावा लागतो, आणि हाडं कुकरमध्ये घालण्याआधी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून ते पाणी ओतून द्यावं लागतं. मी पहिल्यांदा ते केलं नाही. रंग गढूळ तांबूस आला, आणि मसाल्याच्या आंबटपणात गाजराची गोडी कुठल्या कुठं गेली. काळे जळके कोपरे दोन्ही प्रकारांत कापून टाका. त्यांचा कडवटपणा अख्ख्या पातेल्यात पसरतो.

घरी आलं की पार्सल तसंच ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसू नका. कोमट असतानाच मांस हाडावरून अलगद सुटतं. गार झाल्यावर तेच काम सुरीनं ओढून करावं लागतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. शिजवलेलं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दुकानात ते किती वेळ ठेवलेलं होतं हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून समोर सळईवरून उतरवलेलं, हाताला चटका बसेल असं गरमच मागून घ्या.

आता हात स्वच्छ धुऊन मांस सोडवायला बसा. कातडी वेगळी, मांस वेगळं, हाडं वेगळी. छातीचं आणि तंगडीचं मांस बोटाएवढ्या लांब तुकड्यांत, धाग्याच्या दिशेनं फाडायचं. सुरीनं चौकोनी तुकडे केले तर चमच्यात ते कोरडे लागतात. हातानं फाडलेल्या तुकड्यांच्या खरबरीत कडांना रस धरतो. 2 वाट्या मांस सुपासाठी बाजूला काढा, उरलेलं ताटात वाढा. हे सगळं पानं वाढण्याआधीच करायचं, म्हणजे उष्टी हाडं वापरायची वेळ येत नाही. पाठीचा सांगाडा, पंख, मान यांवर चिकटलेलं मांस तसंच राहू द्या, ते पाण्यासाठी. कातडीतली थोडी, हाताच्या तळव्याएवढी, हाडांत घाला. सगळी घातली तर फार तेलकट होतं.

सोमवार पाळणारं घर असेल तर हाडं डब्यात घालून त्याच रात्री फ्रीजरमध्ये टाका आणि बुधवारी काढा. काही बिघडत नाही. मांस फ्रीजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं, त्यापुढं मी ठेवत नाही.

हाडांचं पाणी हा या कामातला असा भाग आहे, की इथं घाई केली तर पुढं कशानंच भरून निघत नाही. 5 लिटरच्या कुकरमध्ये हाडं, 1 कांदा सालासकट चार फोडी करून (सालानं पाण्याला सोनेरी रंग येतो), 1 गाजर, 4 लसूण पाकळ्या ठेचून, आल्याचा तुकडा, तमालपत्र, मिरे, ओवा आणि कोथिंबिरीचे देठ घाला. वरून 2 लिटर गार पाणी. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू देऊ नका. मीठ अजिबात नाही. दुकानातलं चिकन खारवलेलं असतं, ते मीठ हाडांबरोबर पाण्यात उतरतं, आणि आपण आधीच टाकलेलं परत काढता येत नाही.

देठ आणि ओवा का, ते सांगते. मूळच्या पाककृतीत कांदा, गाजर आणि सेलरी असं त्रिकूट असतं, आणि वासाला थाइम नावाची वनस्पती. सेलरी आपल्या मंडईत क्वचित दिसते. पण गाजर, सेलरी आणि कोथिंबीर ही एकाच कुळातली झाडं, त्यामुळं कोथिंबिरीच्या देठांनी ती हिरवट चव बरीचशी येते. थाइमचा वास ज्या थायमॉलमुळं येतो, तेच थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर आहे. म्हणून ओवा खरोखर चिमूटभरच, 8-10 दाणे. जास्त झाला तर सुपाला पोटदुखीच्या काढ्याचा वास येईल.

झाकण उघडं ठेवून पाणी उकळीला आणा, वर येणारा करडा फेस चमच्यानं काढा, मग झाकण लावा. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या आणि लगेच आच इतकी बारीक करा की पुन्हा शिट्टी होणार नाही. असं 40 मिनिटं. शिट्टी होते तेव्हा आतला दाब एकदम उतरतो, पाणी खदखदतं आणि चरबी पाण्यात फेटली जाऊन ते पांढुरकं गढूळ होतं. दाब शांत राहिला तर पाणी नितळ राहतं. गॅस बंद केल्यावरही शिट्टी उचलून वाफ सोडू नका, कुकर आपोआप पडू द्या. कुकर नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर दोन ते अडीच तास, मध्ये पाणी आटलं तर थोडं गरम पाणी घालून.

एवढ्या वेळात हाडांच्या टोकांचं, कुर्च्यांचं (मऊ हाडांचं) आणि कातडीचं कोलेजन नावाचं प्रथिन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. ओठांना किंचित चिकट लागणारा जो भरीव पोत चांगल्या सुपाला असतो, तो याचा. फ्रीजमध्ये ठेवल्यावर पाणी थरथरत्या जेलीसारखं जमलं तर समजा उत्तम उतरलंय. भाजलेल्या एका कोंबडीतून ते थोडं पातळच येतं, म्हणून चिकन सेंटरमध्ये कोंबडीचे पाय मिळाले तर 4-5 स्वच्छ करून त्यात जरूर घाला. पायांत कोलेजन भरपूर असतं आणि किंमत नावापुरती असते.

पाणी बारीक जाळीच्या गाळणीतून गाळा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं खाणार असतील तर दोनदा. शिजलेल्या हाडांच्या चिपा टोकदार असतात. याच कारणानं ही हाडं दारातल्या कुत्र्याला घालू नका. त्याच्या घशात, आतड्यात त्या रुततात. गाळलेलं पाणी दीड लिटरच्या आसपास भरेल. दहा मिनिटं स्थिर ठेवलं की चरबी वर तरंगते. ती पळीनं काढा, पण सगळी नको. दोन-चार सोनेरी थेंब वर दिसायला हवेत, वास त्यांच्यात असतो.

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. पातेल्यात बटर गरम करून 2 बारीक चिरलेले कांदे, उरलेला लसूण आणि 2 गाजरांच्या पातळ चकत्या मंद आचेवर परता. कांदा पारदर्शक व्हायला हवा, लाल नको. मग हळद. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती आमच्या घरात डबा भरून असते, तरीही सांगते, पाव चमच्याच्या वर जाऊ नका. ही हळद रंगाला तेज आहे आणि जास्त झाली की सूप तुरट लागतं. ती बटरमध्येच घाला, पाण्यात वरून भुरभुरवू नका. हळदीचा रंग स्निग्धात उतरतो, पाण्यात नीट विरघळत नाही. अर्धं मिनिट परतून हाडांचं पाणी ओता आणि गाजर शिजेपर्यंत मंद उकळू द्या, आठ-दहा मिनिटं.

तोवर शेजारच्या शेगडीवर नूडल्स. त्या वेगळ्याच उकळायच्या, सुपात नाही. सुपात घातल्या तर पिठानं पाणी दाटसर गढूळ होतं, आणि जेवायला बसेपर्यंत नूडल्स निम्मं सूप पिऊन फुगलेल्या असतात. भरपूर पाण्यात थोडं मीठ घालून, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी काढा. गार पाण्याखाली धरून निथळा, चमचाभर तेल चोळा. किराणा दुकानातल्या साध्या हक्का नूडल्स चालतात. झटपट नूडल्सची वडीही चालेल, फक्त मसाल्याची पुडी घालू नका. ती घातली की बाकी सगळ्याची चव तिच्याखाली दबते.

माझ्या मनातलं विचाराल तर उन्हाळ्यात वाळवलेल्या घरच्या गव्हाच्या शेवया या सुपाला नूडल्सपेक्षा जास्त शोभतात. जाडसर शेवया बोटभर मोडून थोड्या तुपावर बदामी भाजायच्या आणि मग उकळायच्या. भाजल्यामुळं त्या लगदा होत नाहीत आणि सुपाला खरपूस वास येतो. बाजारातल्या केसासारख्या बारीक शेवयांना मात्र उकळणं सोसत नाही. त्या भाजून थेट वाडग्यात घालायच्या आणि वर कढत सूप.

सगळ्यात शेवटी चिकन. ते आधीच शिजलेलं आहे, त्यामुळं सुपाला चांगली उकळी असताना घाला आणि दोन-तीन मिनिटांत गॅस बंद करा. आतपर्यंत वाफाळतं गरम व्हायला हवं, आधी शिजवून ठेवलेलं चिकन 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं पाहिजे, पण दहा मिनिटं उकळत राहिलं तर छातीचं मांस सुतळीसारखं चिवट होतं. आता चव घ्या आणि मगच मीठ. कुणाकुणाच्या दुकानातलं चिकन इतकं खारट असतं की अर्ध्या चमच्यात भागतं. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा, कोथिंबिरीची पानं आणि ताजी ठेचलेली मिरपूड घाला. लिंबू उकळत्या सुपात पिळलं तर वास उडून जातो.

वाडग्यात आधी मूठभर नूडल्स, त्यावर चिकन-गाजरासह सूप. तिखट हवं त्यानं वरून हिरव्या मिरचीचा ठेचा चमच्याच्या टोकावर घ्यावा, पातेल्यात घालू नये. आमच्या सासूबाईंना दात नाहीत. त्यांच्यासाठी मी शेवया आधीच बारीक चुरते, मांस कुस्करते आणि पाणी थोडं जास्त ठेवते. सर्दीत नाक चोंदलेलं असताना त्या दोन वाडगे पितात. गरम वाफेनं नाक मोकळं होतं, घशाला ऊब मिळते आणि जेवण जात नसताना पोटात काहीतरी सकस पडतं. औषध म्हणून मी ते देत नाही. ताप उतरला नाही किंवा धाप लागली तर डॉक्टरांकडंच जायचं.

उरलं तर सूप आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. सूप पसरट भांड्यात ओतून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. रविवारचंच चिकन बुधवारी सुपात घातलं असेल तर ते सूप त्याच दिवशी संपवा. नुसतं हाडांचं पाणी फ्रीजरमध्ये दोन महिने छान टिकतं. डबा वरून बोटभर रिकामा ठेवा, पाणी गोठताना फुगतं आणि झाकण उचलतं. झाकणावर तारीख लिहून ठेवा. श्रावण संपून गौरी-गणपती पार पडले आणि घरात कुणी शिंकायला लागलं, की तो डबा काढायचा, ताजं चिकन आणायचं आणि थेट कांदा परतायला घ्यायचा.