ब्रेसेस लावल्यावर दात कसे घासावेत?

ब्रेसेस असताना दात बहुधा किडतात ते ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, ज्यात तार बसते) आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत. ब्रश तारेवरून घसरतो, ही जागा तशीच राहते आणि ब्रॅकेट काढल्यावर तिथे खडूसारखे पांढरे डाग दिसतात. हे डाग पूर्णपणे जातीलच असं नाही, म्हणून खरी मेहनत इथेच घ्या.

मऊ ब्रश ४५ अंशांत तिरका धरा. आधी ब्रॅकेटच्या वरून, हिरडीला टेकवून हलकेच घासा, मग खालून. शेवटी दोन ब्रॅकेटच्या मधे, तारेखालून, बारीक इंटरडेंटल ब्रश घाला. तो अडला तर जोर लावू नका, लहान आकाराचा घ्या. पेस्ट फ्लोराइडची हवी, १००० ते १५०० पीपीएम (ट्यूबवर लिहिलेलं असतं). फेस थुंकून टाका, पण लगेच चूळ भरू नका. रात्रीचं घासणं कधीच चुकवू नका.

स्केलिंग, म्हणजे डॉक्टरकडून कीटण काढून घेणं, साधारण दर ३ ते ६ महिन्यांनी करा. हिरड्या सुजून रक्त येत असेल तर लवकर. तार बदलायच्या दिवशीच वेळ मागा. तार निघालेली असताना सफाई जास्त नीट होते.

ब्रेसेस काढताना चिकटवलेला सिमेंटचा थर डॉक्टर घासून काढतात. त्यानंतरही जिभेला दात खडबडीत लागला तर तसं सांगा, कारण उरलेल्या सिमेंटवर कीटण लवकर बसतं. खालच्या पुढच्या दातांमागे कायमची तार असेल तर तिथेही कीटण जमतंच, तेव्हा रोज थ्रेडरने (सुईसारखं प्लास्टिकचं साधन) तारेखालून फ्लॉस, म्हणजे दातांमधली फट साफ करायचा दोरा, ओवा. काढता येणारा रिटेनर (ब्रेसेसनंतर दात जागेवर ठेवणारा साचा) मात्र गार पाण्यातच धुवा, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो.